आंबेखिंडीत कवचवीर

राघोभाऊ विशे यांचा अपमान झाला तो कल्याणच्या एका थिएटरच्या जिन्यात, रविवारी भरदुपारी, आणि तोही त्यांच्या मुलीच्या देखत. आता अपमानाचं काय, तो माणसाचा होतच असतो. तालुक्याच्या कचेरीत अठरा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढलेल्या माणसाचा तर दिवसातून दोनदा होतो आणि तो असली गोष्ट डब्याबरोबर घरी नेत नाही. पण त्या दिवशी पूजाने मान खाली घातली आणि तिथेच सगळं बिघडलं.

साल दोन हजार सहा. 'कवचवीर'चा तिसरा भाग नुकताच लागला होता. ज्यांना कवचवीर माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की हा परमुलखातला एक घड्याळं दुरुस्त करणारा पोरगा, डॅनी नावाचा. तोंडाला पितळी मुखवटा बांधला की त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं आणि मग तो गच्च्यांवरून उड्या मारत हिंदीत बोलतो. राघोभाऊंनी पहिला भाग नव्वदच्या दशकात मुरबाडच्या व्हिडिओ हॉलमध्ये पाहिला, कचेरीचं टपाल काखेत धरून. दुसरा भाग शहापूरला मेहुण्याकडे केबलवर चार वेळा पाहिला, आणि चौथ्या वेळी मेहुण्याने विचारलं, "दाजी, घरी सगळं ठीक ना?" असा हा सच्चा माणूस. तिसऱ्या भागाला तर ते नवा शर्ट घालून गेले होते. सोबत पूजा. ती कल्याणला मामाकडे राहून कॉलेज करायची.

सिनेमा सुटला तर जिन्यात पंधरा-वीस पोरं काळे टी-शर्ट घालून उभी. छातीवर पितळी मुखवटा छापलेला. ते होतं 'कवचवीर प्रेमी मंडळ, कल्याण'. त्यांचा सेक्रेटरी हर्षित पूजाच्याच कॉलेजात एक वर्ष पुढे होता आणि येईल त्याला अडवून वहीत प्रतिक्रिया लिहून घेत होता.

"काका, एका वाक्यात सांगा. तिसरा भाग कसा वाटला?"

राघोभाऊंनी घसा साफ केला. असा प्रश्न आपल्याला कोणीतरी विचारावा म्हणून त्यांनी नऊ वर्षं वाट पाहिली होती. "एका वाक्यात नाय जमायचं. पहिल्या भागापासून सुरुवात करायला लागेल."

पोरं हसली. हर्षितने पेन थांबवलं. "काका, कुठले तुम्ही?"

"आंबेखिंड. धसईच्या पुढं."

"मग राहू द्या," हर्षित म्हणाला. तसा पोरगा वाईट नव्हता, पण ऐन विशीत सेक्रेटरी झाला की माणसाचं असं होतं. "गावाकडे कसं असतं, मारामारी आली की शिट्ट्या आणि मारामारी संपली की घरी. गोष्ट कोण बघतं?"

पूजाने तेव्हा मान खाली घातली. राघोभाऊंना ते दिसलं आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी बोलायचं म्हणून बोललेलं नव्हतं.

"आमच्या आख्ख्या गावाने आधीचे दोन्ही भाग बगितलेत. तोंडपाठ हायेत! पुढच्या रविवारी यायचं आंबेखिंडीला आणि कानाने ऐकायचं, गाव काय बोलतंय ते. चार वाजता. चहा आमच्याकडं."

"येतो की," हर्षित म्हणाला, आणि वहीत खरंच लिहून घेतलं.

घरी आल्यावर ही हकीकत त्यांनी बायकोला सांगितली. रंभावहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, हात धुतला आणि शांतपणे विचारलं, "आख्ख्या गावाने म्हंजे कोणी? मी तर नाय बगितला. मी गावात धरत नाय का?"

हिशोब केला तर गावात पहिले दोन भाग पाहिलेली माणसं निघाली दोन. एक राघोभाऊ स्वतः आणि दुसरा जीप चालवणारा संदेश, जो दुसऱ्या भागात झोपला होता. मुरबाडहून धसईच्या दोन फेऱ्या मारून आल्यावर कोणीही झोपेल, त्याचा काही दोष नाही. पण उरलेल्या गावाला कवचवीर हा माणूस आहे की कीटकनाशक हे ठाऊक नव्हतं.

उपाय एकच होता. रविवारच्या आत गावाला दोन्ही भाग दाखवायचे. मुरबाडहून टीव्ही आणि सीडी प्लेअर भाड्याने आणायचा, शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना बारदान लावून अंधार करायचा, आणि बसवायचं गाव. राघोभाऊ सोमवारी मोठ्या उत्साहाने रजा टाकून कामाला लागले.

हेडमास्तर म्हणाले, हॉल खुशाल घ्या, फक्त ग्रामपंचायतीचं पत्र आणा. ग्रामपंचायत म्हणाली, पत्र आत्ता देतो, फक्त पोलिसांची हरकत नाही एवढं लिहून आणा. पोलीस म्हणाले, आमची कशाला हरकत असेल, पण तिकीट लावून खेळ करताय की काय हे आम्हाला कसं कळणार? तालुक्याहून करमणूक कराचा कागद आणा. म्हणजे फिरून फिरून राघोभाऊ मंगळवारी दुपारी उभे राहिले ते आपल्याच कचेरीत, आपल्याच टेबलाच्या शेजारच्या टेबलापुढे. या कचेरीचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. अशा कचेऱ्या कुठेही असतात.

शेजारच्या टेबलावर गोजर भाऊसाहेब होते. अकरा वर्षं दोघे एका डब्यात जेवत होते. गोजरांना राघोभाऊंच्या घरच्या सुकटीची चटणी इतकी आवडायची की रंभावहिनी ती दोघांच्या मापाने करायच्या. पण राघोभाऊ टेबलाच्या या बाजूला उभे राहिल्याबरोबर गोजरांनी चष्मा लावला.

"बोला. काय काम आहे?"

"गोजर, अरे मी हाय."

"ते दिसतंय. काम काय?"

राघोभाऊंनी सांगितलं. गोजर म्हणाले, "तिकीट आहे?"

"नाय. फुकट दाखवायचाय."

"फुकट असेल तर कर लागत नाही."

"झालं तर मंग!"

"पण कर लागत नाही असा दाखला लागतो. त्यासाठी अर्ज. अर्ज आधी आवक-जावकला नोंदवून, शिक्का मारून माझ्याकडे यायला पाहिजे." गोजरांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "आवक-जावकचा माणूस रजेवर आहे. शुक्रवारपर्यंत."

राघोभाऊ त्या खुर्चीकडे पाहत राहिले. अठरा वर्षांत तिच्यापुढे किती माणसं अशी उभी राहिली असतील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो लगेच बाहेर काढला, कारण वेळ नव्हता. "गोजर, तो माणूस मीच!"

"मग रजा रद्द केल्याचा अर्ज द्या."

तो अर्ज साहेबांकडे गेला. साहेब जिल्ह्याला मीटिंगला. बुधवार गेला. गुरुवारी रजा रद्द झाली. राघोभाऊ आपल्या खुर्चीवर बसले, आपलाच अर्ज आपल्याच हाताने घेतला, सवयीने वर-खाली पाहिला, आणि खरं सांगायचं तर त्यात तारीख घातलेली नाही हे लक्षात आल्यावर स्वतःवरच डाफरले. मग शिक्का मारून अर्ज दोन हात अंतरावरच्या गोजरांकडे शिपायामार्फत पाठवला. दाखला शनिवारी संध्याकाळी मिळाला. गोजर म्हणाले, "आता मित्र म्हणून विचारतो, मलापण यायचंय. चटणी असेल ना?"

म्हणजे आता उरला फक्त रविवारच. चार वाजता हर्षित येणार आणि त्याच दिवशी सकाळी गावाने दोन सिनेमे पाहून पाठ करायचे. त्यात भारनियमन. त्या उन्हाळ्यात लाइट जायची वेळ कोंबड्यांनासुद्धा पाठ होती. रविवारी सकाळी नऊ ते दुपारी एक लाइट. दोन तासांचा एक भाग, दोन भागांचे चार तास. कागदावर बरोबर बसत होतं. राघोभाऊंच्या आयुष्यात सगळं नेहमीच कागदावर बरोबर बसायचं.

रविवारी साडेआठला हॉल भरला. गाव म्हणजे गाव आलं. शनिवारी रात्री मामाकडून पूजाही आली होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, मधे स्टुलावर एकवीस इंची टीव्ही आणि त्याच्यापुढे शंभर-सव्वाशे माणसं. नऊला लाइट आली तसा संदेशने प्लेअर जोडला. पहिलं चित्र आलं: पितळी मुखवटा, अंधारात चमकणारा.

"थांबव रे!" मागून आवाज आला.

आवाज कोंडूबाबांचा. वय सत्तरच्या पुढे, पाठीत थोडे वाकलेले. गावच्या बोहाड्याचे मुखवटे त्यांच्या घरी माळ्यावर असायचे. आता दरवर्षी उन्हाळ्यात या भागात गावोगाव बोहाडा होतो, संबळ-सनईवर देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे बांधून नाचतात, हे मी कोणाला सांगायला नको. आणि आंबेखिंडीत त्या बाबतीत कोंडूबाबांचा शब्द शेवटचा.

"ह्यो कोण?" कोंडूबाबांनी टीव्हीकडे बोट केलं.

"कवचवीर, बाबा. सिनेमातला."

"तोंडाला मुखवटा हाय का नाय?"

"हाय."

"म्हंजे सोंग हाय. आणि गणपती नाचल्याबिगर कुठला सोंग आत येत नाय. मंग तो कल्याणचा असो की विलायतेचा. आधी गणपती, मंग सरस्वती, मंग बाकीचे. असा उघडानागडा कोण आत घेतो त्याला?"

"बाबा, एक वाजता लाइट जाणार हाय हो!"

"गणपतीला लाइट लागत नाय," कोंडूबाबा म्हणाले, आणि सगळ्या हॉलने माना हलवल्या. कमळाबाई उठल्या. त्या अंगणवाडीच्या बाई, आणि गावात कोणतंही ओवाळणं त्यांच्यावाचून होत नसे. "मी आरतीचं ताट आणते," असं म्हणून त्या गेल्यासुद्धा.

खरी पंचाईत पुढेच होती. आंबेखिंडीत प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे. आणि गणपतीचा मान विशांच्या घरचा. राघोभाऊंनी बारा वर्षांपूर्वी आपण आता सरकारी माणूस आहोत म्हणून नाचणं सोडलं होतं आणि चुलतभावाला पुढे केलं होतं. चुलतभाऊ त्या दिवशी डोळखांबला लग्नाला गेलेला.

"नेसा धोतर," रंभावहिनी म्हणाल्या. त्या बाईंचा चेहरा गंभीर होता, पण बारा वर्षं वाट पाहिल्यासारखे डोळे हसत होते.

पावणेदहाला संबळ घुमू लागला. कोंडूबाबांनी राघोभाऊंच्या डोक्याला फडकं गुंडाळलं, वर गणपतीचा मुखवटा ठेवला, आणि मागे उभं राहून गाठ मारली. चांगला सात-आठ किलोंचा तो मुखवटा. राघोभाऊंनी पहिला पाय टाकला तेव्हा त्यांना वाटलं, मान मोडली. दुसरा पाय टाकला आणि पायांना सगळं आठवलं. मग ते जे नाचले, जे नाचले! म्हातारी माणसं सांगतात की विशांच्या घरात असा गणपती त्यांच्या आजोबांनंतर कोणी नाचला नव्हता. धोतराचा सोगा सुटत होता, मुखवट्याची सोंड डुलत होती, कमळाबाई ओवाळत होत्या, टीव्हीवर कवचवीर पॉजमध्ये थरथरत होता, आणि अशा ऐन भरात दारात चार काळे टी-शर्ट येऊन उभे राहिले.

दुपारी जीप मिळेल याची खात्री नव्हती म्हणून सकाळीच निघालो आणि मुरबाडची जीप लगेच भरली, असं हर्षितने नंतर सांगितलं. जीपवाल्यांवर माणसाने कधी विश्वास ठेवू नये. ज्या दिवशी घाई असते त्या दिवशी ती दोन तास भरत नाही आणि ज्या दिवशी नको असते त्या दिवशी स्टँडवर तुमचीच वाट पाहत उभी असते.

बरं, तो आला तर आला. पण शाळेच्या दाराशी संदेशने हौसेने मोठा फळा लावला होता. रंगीत खडूंनी लिहिलं होतं: 'आंबेखिंडीत प्रथमच! कवचवीर भाग १ व २. सर्वांनी प्रथमच लाभ घ्यावा.' हे हर्षित वाचून आत आला होता. प्रथमच हा शब्द त्याने दोनदा वाचला होता.

संबळ थांबला. कोंडूबाबांनी गाठ सोडली. मुखवट्याखालून घामाने निथळणारे राघोभाऊ बाहेर आले.

"काका?" हर्षित म्हणाला.

आपण कधीकधी खोटं बोलतो आणि पकडले जातो, तेव्हा निदान अंगात शर्ट असावा एवढी माणसाची अपेक्षा असते. राघोभाऊ उघड्या अंगाने, कपाळाला शेंदूर फासलेला, धोतराचा सोगा हातात धरून उभे होते. बाकीचे तिघे काळे टी-शर्ट एकमेकांना कोपराने ढोसत होते. पूजा बायकांच्या बाजूला भिंतीशी उभी होती. राघोभाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहवेना.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "गावाने नाय बगितलेला. आज बगणार हाय. आता आलायत तर बसा. चहा खरा हाय."

रंभावहिनींनी हर्षितपुढे घोंगडी टाकली आणि तो बसला. या भागात कोणी घोंगडी टाकली की बसावंच लागतं.

सव्वादहाला सिनेमा सुरू झाला. म्हातारा पहारेकरी जुन्या राजवाड्यातून तो पितळी मुखवटा काढतो, डॅनीच्या तोंडावर ठेवतो, मागे जाऊन चामड्याचा पट्टा बांधतो, आणि डॅनी वळतो. कवचवीर! हर्षित शिट्टीची वाट पाहत होता. शिट्टी आली नाही. कमळाबाई उठून ताट घेऊन पुढे आल्या.

"थांबव रे. सोंग आलंय, ओवाळायला नको?"

संदेशने पॉज दाबलं. कमळाबाईंनी टीव्हीला ओवाळलं, काचेला कुंकू लावलं, मागोमाग आणखी सात बायकांनी ओवाळलं. भाड्याच्या प्लेअरला एवढ्या वेळ थांबायची सवय नव्हती. त्याने मधेच खर्रर्र केलं आणि सिनेमा थेट पहिल्या पाटीपासून सुरू झाला.

पुन्हा राजवाडा, पुन्हा पहारेकरी, पुन्हा पट्टा. कवचवीर वळला. कमळाबाई पुन्हा उठल्या.

"आता कशाला? आत्ताच ओवाळलं ना!" संदेश कळवळला.

"सोंग पुन्हा आलं, ओवाळणं पुन्हा," कोंडूबाबा म्हणाले. नियमात सूट नव्हती. प्लेअरने पुन्हा खर्रर्र केलं.

तिसऱ्या वेळी संदेशने पॉज दाबायला साफ नकार दिला. मग कमळाबाईंनी चालत्या सिनेमाला ओवाळलं. कवचवीर डावीकडच्या गच्चीवर उडी मारी तशा कमळाबाई ताट घेऊन डावीकडे, तो उजवीकडे तशा त्या उजवीकडे. एकदा तो थेट आकाशात गेला तेव्हा त्या चवड्यांवर उभ्या राहिल्या. मग काळा लोखंडी मुखवटा घातलेला खलनायक आला. त्यालाही ओवाळलं.

"अहो, तो व्हिलन आहे!" हर्षितला राहवलं नाही.

"असंल की," कमळाबाई म्हणाल्या. "रावणाला पण ओवाळतोच. त्याचं काम काय सोपं हाय का?"

काळ्या टी-शर्टांपैकी एक हसला. हर्षित मात्र हसला नाही. त्याने वही काढून काहीतरी लिहिलं.

पहिला भाग संपायला साडेबारा वाजून गेले. दुसरा भाग घाईने लावला. डॅनीचा जिवलग मित्र मार्टिन त्याला मुखवट्याचा पट्टा बांधून देतो, दोघे हसतात, मार्टिन दाराबाहेर पडतो, आणि बरोबर एक वाजता लाइट गेली.

अंधारात कोणीच उठलं नाही. खिडक्यांवरची बारदानं काढली आणि उजेडात सगळं गाव राघोभाऊंकडे पाहू लागलं. पुढे काय? ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो पाहुणा समोर बसला होता आणि गावाने धड दीड सिनेमासुद्धा पाहिला नव्हता. दुपारी चारला काय, रात्री आठलाही गाव बोलू शकेल असं चिन्ह नव्हतं.

"पोरा," कोंडूबाबा हर्षितला म्हणाले, "तू बगितलास ना सगळा? मंग तू सांग."

हर्षित सांगू लागला. सुरुवातीला कंटाळून, मग रंगून. मार्टिनला वाटतं मुखवटा आपल्याला मिळायला पाहिजे होता. तो खलनायकाचा काळा मुखवटा पळवतो आणि आरशापुढे एकटाच उभा राहून घालतो...

"त्याला कोण बांधतो?" कोंडूबाबांनी विचारलं.

"काय?"

"मुखवटा. मागं गाठ कोण मारतो?"

"कोणी नाही. त्याला खटका असतो. स्वतःच लावतो."

हॉलमध्ये मोठी चुकचुक झाली. बायकांनी तोंडाला पदर लावले. "मंग तो गेला कामातून," कमळाबाई म्हणाल्या.

"हो, तो राक्षसच होतो," हर्षित म्हणाला. "पण तुम्हाला कसं कळलं?"

"अरे, मुखवटा एकट्याने बांधायचा नसतो," कोंडूबाबा म्हणाले. "तोंड म्होरं आणि गाठ मागं. स्वतःच्या हाताने बांधलेली गाठ नाचताना सुटते. माणूस मागं उभा लागतो, आणि तो असा लागतो की ज्याला तुझी मान कुठं दुखते ते ठावं हाय. आता ह्याला मगाशी मी बांधला ना? ह्याच्या बापाला पण मीच बांधायचो. पहिल्या भागात त्या पहारेकऱ्याने कसा बांधला बगितलास? आधी अंगठ्याने केस बाजूला केले. तीनदा बगितला मी. ह्या बायांनी थांबवला म्हणून बरं झालं."

हर्षितने पहिला भाग चौदा वेळा पाहिला होता. प्रत्येक उडीची उंची, प्रत्येक ठोशाचा आवाज त्याला पाठ होता. पट्टा कोण बांधतं हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

"मंग तिसऱ्यात काय होतं?" मागून गोजर भाऊसाहेबांनी विचारलं. ते चटणी खाऊन ताजेतवाने झाले होते.

"तिसरा फालतू आहे," हर्षित म्हणाला. "आमच्या मंडळात सगळे चिडलेत. एवढा मोठा हिरो शेवटी मुखवटा काढतो आणि एका खिसेकापू पोरीला देतो. ती जाते लढायला आणि हा पायरीवर बसून चहा पितो. रस्त्यावरची माणसं त्याला ओळखतही नाहीत. हा काय शेवट झाला?"

"नुसता देतो?" कोंडूबाबांनी विचारलं. या वेळी त्यांचा आवाज हळू होता. "का बांधतो?"

हर्षितचे डोळे कुठेतरी लागले. बहुतेक त्या थिएटरच्या पडद्यावर.

"तिच्या मागे जातो," तो सावकाश म्हणाला. "आणि... हो. अंगठ्याने तिचे केस बाजूला करतो. आम्हाला वाटलं उगाच लांबवलंय."

"मंग तो हरला कुठं?" कोंडूबाबा म्हणाले. "आतापर्यंत तो म्होरं व्हता, आता मागं उभा राह्यला. मोठा झाला तो! मी पन्नास वर्षं मागंच उभा हाय. मला बगायला कोण येतो? पण माझी गाठ नसंल तर गणपती दोन पावलं चालंल का? तुमी पोरांनी त्याला हरलेला म्हटलात? अरे, त्या चहाच्या कपाला ओवाळायला पायजे."

मग जो गोंधळ सुरू झाला तो काही विचारू नका. ज्याला त्याला बोलायचं होतं. मार्टिनची गाठ डॅनीने वेळेवर का बांधली नाही, चूक डॅनीची की मार्टिनची, यावर बायका आणि पुरुष यांच्यात दोन तट पडले. रंभावहिनी उठून उभ्या राहून म्हणाल्या, की मार्टिनच्या घरी कोणी बाईमाणूस असतं तर त्याला आरशापुढे एकटं सोडलं नसतं. गोजरांनी तिसऱ्या भागातल्या मुलीला मुखवटा देण्याआधी गावाला विचारलं होतं का, असा कायदेशीर मुद्दा काढला. हर्षित हात वर करून करून बोलत होता आणि त्याला कोणी बोलू देत नव्हतं. बाकीचे तिघे काळे टी-शर्ट वहीची पानं फाडून वाटून घेऊन लिहीत होते, आणि त्यांना आडनावं कशी लिहायची ते शिकवायला चार-चार माणसं वाकली होती.

राघोभाऊ भिंतीला टेकून उभे होते. अंगात अजून शर्ट नव्हता. त्यांचं गाव बोलत होतं आणि कल्याण लिहून घेत होतं. त्यांची छाती भरून आली होती आणि ती तशी भरलेली उघडी दिसत होती, याची त्यांना पर्वा राहिली नव्हती.

पावणेतीनला अवचित लाइट आली. कोणी बटण बंद केलंच नव्हतं. टीव्हीने डोळे उघडले, प्लेअरने स्वतःच खर्रर्र करून दुसरा भाग कुठून तरी मधूनच सुरू केला, आणि पडद्यावर कवचवीर आणि मार्टिन यांची ती प्रसिद्ध मारामारी लागली. काचा फुटतात, बस उलटते, पूल कोसळतो. आवाज एवढा मोठा की कोंडूबाबांचं बोलणं बुडालं.

हर्षित ताडकन उठला. सव्वाशे माणसांतून वाट काढत, कमळाबाईंचं ताट ओलांडत तो टीव्हीपाशी गेला आणि त्याने बटण दाबून टाकलं.

"शू! गप्प बसा सगळे," तो आपल्या मित्रांवर ओरडला, जे आधीच गप्प होते. "बाबा, तुम्ही बोला. मार्टिनचं सांगत होतात."

कोंडूबाबा बोलू लागले. पूजा बायकांतून उठली, पुरुषांच्या बाजूला आली, काळ्या टी-शर्टांच्या समोरून मान ताठ ठेवून गेली आणि राघोभाऊंच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. तिने आपली ओढणी काढून त्यांच्या घामाघूम खांद्यांवर टाकली.

"हे माझे बाबा," तिने हर्षितला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. "मघाशी गणपती नाचले ते."